सायीच्या रंगाची सहा दारं

अवो, शेवटी मी ऑइलपेंट आणला.

हसू नको. तुला जाऊन दीड महिना झाला. तेरवीचे पाहुणे गेले, लोकांकडून आणलेली मोठी भांडी परत गेली, आणि घरात मी आणि आपली रंजू असे दोघंच उरलो. रंजूनं चंद्रपूरच्या तिच्या शाळेत अर्ज देऊन रजा वाढवून घेतली आहे. मागच्या आठवड्यात शेजारणीला सांगत होती, "बाबाले एकटं कसं सोडू? मीठ कुठी असते थे बी त्यायले मालूम नाई." मला राग आला. उठून मीठ शोधायला गेलो. एका डब्यात साखर निघाली, दुसऱ्यात रवा. रंजू हसली. तू गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली, म्हणून मी राग गिळला आणि तिथेच स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून राहिलो.

बसलो आणि समोर तुझी सहा दारं दिसली. ओट्याखाली एका ओळीत, पंचवीस वर्षांपासून तशीच, कुठे घासलेली, कुठे डागाळलेली. "दुनियेले महाल रंगवून देल्ला यायनं, अन् घरच्या सहा फळ्यायले रंग नाई," हे तू इतक्या लोकांसमोर म्हणालीस की शेवटी शेवटी मीच पाहुण्यांना ते आधी सांगून टाकायचो. तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

तुझ्या घरच्यांनी तुला सांगितलं होतं की मुलगा वडशाला पेंटर आहे. तू समजलीस, दुकानांच्या पाट्या रंगवत असेल. लग्नानंतर पहिल्या सकाळी अंगणात आलीस तर वीस हात कापड पसरलेलं, तीन दगडांच्या चुलीवर सरसाचा डबा रटरटतोय, आणि मी त्यात निळी भुकटी कालवतोय. सरस म्हणजे हाडाकातड्याचा डिंक, त्याचा वास काही अत्तराचा नव्हे. पदर नाकाला लावून तू विचारलंस, "अजी, हे लावाचं हाय का खायाचं?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी नाटकाचे पडदे रंगवतो. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होतात, आणि त्या नाटकांतले महाल, रस्ते, तुरुंग, जंगलं माझ्या हातची असतात. तू म्हणालीस, "मंग गरिबाचं घर?" म्हटलं, तेही. तू आमच्या घराकडे मान वळवून पाहिलंस.

त्याच हिवाळ्यात तुला आरमोरीकडच्या एका गावाला नेलं होतं, आठवतं? भर दुपारी पोचलो. मंडप अजून उभा होत होता. पडदा नीट बसला की नाही हे पाहायला पोरांनी माझं जंगल खाली सोडलं. तू अगदी पुढे जाऊन उभी राहिलीस, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. "अजी, हे तं नुसते डाग हाये." मला असा घाम फुटला! मग मी चारचौघांत तुझा हात धरला, तोही पहिल्यांदाच, आणि तुला पार मागे, मंडपाच्या शेवटच्या दोरीपर्यंत नेलं. तिथून वळून पाहिलंस. "मायबाई! आता वाघ निंगन याच्यातून!" मी फुगलो. परत येताना तू एसटीत खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "म्हंजे दूर राहीन त्याले जंगल, अन् तुमच्याजवळ राहीन त्याले डाग." मी मोठ्यानं हसलो. किती वर्षं मला ते कौतुकच वाटत होतं.

दारांचं लाकूड तुझं होतं. गोंडपिपरीचं तुझं माहेरचं घर पाडलं तेव्हा भावांनी विचारलं, तुला काय पाहिजे. तू म्हणालीस, माजघराच्या आढ्याचं सागवान द्या. ते ट्रॅक्टरवर आलं, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं, काळं पडलेलं. मिस्त्रीला समोर बसवून तू त्याची सहा दारं करून घेतलीस. दारं बसली तेव्हा त्यांच्यावरून हात फिरवत मला म्हणालीस, "यायले एक साधा रंग देऊन द्या जी. दुधावरच्या सायीवाणी. बाकी काई करू नका."

बाकी काही करू नका, हे मला सांगायचं असतं का?

तू भाचीच्या बारशाला चार दिवस माहेरी गेलीस. मी सरस तापवला. ऑइलपेंट लावणं मला कमीपणाचं वाटत होतं. ते पाट्या रंगवणाऱ्यांचं काम, मी पडदेवाला. दारांवर मी वैनगंगा आणली. पहिल्या दारातून निघून पाचव्यापर्यंत वाहणारी, मधे नाव, काठाला फुललेला पळस, पलीकडे मोहाची झाडं. हात असा सुटला होता की थांबायचं नाव नाही. रंग उरला, मग अजून कुठे कुठे काय काढलं ते नंतर माझ्या ध्यानातही राहिलं नाही. संध्याकाळी मागच्या दारात, विहिरीपाशी जाऊन तिथून पाहिलं. इतकं सुंदर स्वयंपाकघर साऱ्या वडशात कोणाकडे नव्हतं.

तू आलीस. पिशवी हातातच ठेवून पाहत राहिलीस. मी श्वास धरून उभा. तू विचारलंस, "नावेत थो कोन बसला? तुमी का?" म्हटलं, हो. "अन् मी?" तुला काढायचं मी विसरलो होतो. काहीतरी सांगून वेळ मारून नेली, तू घरी भात रांधत आहेस वगैरे. तू हसलीस. पण हसण्याच्या आधी क्षणभर थांबलीस, ते मला आत्ता, हे लिहिताना दिसतं आहे.

तिसऱ्या दिवशी भाताची पेज उतू गेली, वाफ दारांवर बसली, आणि वैनगंगेला पूर आला. निळा ओघळ फरशीवरून मोरीकडे चालला. तू ओला फडका घेऊन पुसायला गेलीस तर पळस फडक्यावर उतरला. पडद्याला पाणी लागत नसतं, म्हणून सरसाचा रंग चालतो. स्वयंपाकघरात पाण्याशिवाय दुसरं असतं काय? ही गोष्ट साऱ्या जगाला कळते, तीस-तीस हात कापड रंगवणाऱ्या मला कळली नाही. आठ दिवसांत सगळं पुसून निघालं. तू एक एक दार घासत होतीस आणि मी अंगणात बसून दुसऱ्या कोणाचा तरी महाल रंगवत होतो. "पेंटर म्हनवता अन् घरात टिकन असा रंग नाई लावता येत?" तू आतून ओरडलीस. मी बाहेरून ओरडलो, "साद्या रंगाले मी कायले पायजे? कोनीही लावून देईन!"

तू बाहेर आलीस. हात कोपरापर्यंत निळे. म्हणालीस, "कोनीही नको. तुमीच पायजे."

मला वाटलं, हा हट्ट आहे.

त्याच आठवड्यात तू शेगडी ओट्याच्या कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या खिडकीखाली नेलीस. तिथे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. तू डोळे बारीक करून भाकरी शेकायचीस, कपाळाला आठ्या, एका हातानं ऊन अडवत. मी कितीदा म्हटलं, शेगडी होती तिथे ने. तू म्हणायचीस, "राहू द्या, इथीच बरी हाय." मला वाटायचं, माझ्यावरचा राग आहे, रोज सकाळी मला दाखवायला ठेवलेला. एवढं मनाला लावून घेतलं मी की पुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकणंच सोडलं. पाणीसुद्धा बाहेर मागायचो.

आणि मग आपला तो ठरलेला खेळ सुरू झाला. तू म्हणायचीस, दारं रंगवा. मी म्हणायचो, दिवाळी झाली, आता नाटकांचे दिवस, मरायला फुरसत नाही. होळीनंतर म्हणायचो, हात दुखतात, थांब. पावसाळ्यात ऑइलपेंट वाळत नाही. पोळा झाला की पुन्हा पडद्यांची कामं. वर्षात एक महिना असा नव्हता की माझ्याजवळ कारण नाही. एकदा कंटाळून मी एक पेंटर पाठवला. तू त्याला चहा पाजलास, त्याच्या पोराबाळांची चौकशी केलीस आणि परत पाठवून दिलंस. मी चिडलो. तू म्हणालीस, "त्याचा हात चांगला असन जी. पन मले त्याचा नाई पायजे."

मग प्रिंट केलेले पडदे आले. छापखान्यातून गुंडाळी येते, टांगली की झालं. माझं काम वर्षाला चार पडद्यांवर आलं, मग दोनावर. आता फुरसतच फुरसत होती. तरी मी दारांना हात लावला नाही. लाज वाटत होती. साऱ्या दुनियेनं नाही म्हटल्यावर मी तुझ्या फळ्या रंगवायला बसलो, असं तुला वाटेल, असं मला वाटत होतं. हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुझं बोट खिडकीकडे होतं. मी वाकलो. म्हणालीस, "चांगलं ऊन पडून राह्यलं. रंग वाळते आता." मी म्हटलं, "तू घरी चाल, मंग पाहू."

मंग पाहू. पंचवीस वर्षं जे म्हटलं तेच तुला शेवटचंही ऐकवलं. इतकं काही बोलता आलं असतं. निदान "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून त्या दिवशी उंबरठ्यावरून उठलो आणि शेखभाईच्या दुकानात गेलो. भुकटीचा रंग आयुष्यभर त्याच्याकडूनच घेतला. ऑइलपेंट मागितला तसं त्यानं चष्मा वर केला. "पेंटर, तुम्ही अन् ऑइलपेंट?" मी म्हटलं, सायीसारखा रंग दाखव. त्यानं रंगांचं पुस्तक काढलंच नाही. सरळ मागे गेला आणि एक डबा आणून ठेवला. "भाभी दरसाल दिवाळीच्या आधी येऊन हाच सेड पाहून जाये. म्हने, अजून हाय ना? बंद तं नाई झाला? मी म्हनो, घेऊन जा ना भाभी. तं म्हने, नाई, थे येतीन." मी पिशवी विसरून डबा छातीशी धरून घरी आलो. रस्त्यात दोघांनी हाक मारली, मी थांबलो नाही.

गडचिरोलीहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. रंजूनं तिला सांगितलं असणार. "अरे, वरीस झाल्याबिगर घराले रंग लावत नसते! यंदा दिवाळी बी नाई आपली." मी म्हटलं, "बाई, घराले नाई लावून राह्यलो. दारायले लावून राह्यलो." ती रागावली. मग म्हणाली, "लाव बापा. तिले तेवढंच पायजे होतं."

काम सुरू केलं. खिळ्यांची भोकं लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवली, पॉलिश पेपरनं घासलं, अस्तराचा पहिला हात दिला. आणि अवो, साधा रंग फार कठीण असतो! पडद्यावर मी ब्रश फटकारायचो, चूक झाली तर तिथे एक ढग रंगवून टाकायचो. इथे ढग कुठून आणू? ब्रशचा एक केस राहिला तरी दिसतो. एका जागी जास्त लागला की ओघळतो. रंजू हातात चहा घेऊन म्हणाली, "बाबा, हे तं वाहून राह्यलं." पहिलं दार मी तीनदा पुसलं. नाक लागेल इतक्या जवळ बसून, एका दिशेनं, श्वास रोखून रंग लावावा लागतो. आयुष्यात पहिल्यांदा मी जवळून पाहायचं काम केलं. या कामाला कोणीही चाललं असतं असं मी म्हणालो होतो, ते परत घेतो.

पाच दारं झाली. बिजागऱ्या सोडवून अंगणात उन्हाला ओळीनं उभी केली. सहावं राहिलं, पार कोपऱ्यातलं, शेगडीच्या जुन्या जागेखालचं. पाण्यानं पुसून घ्यावं म्हणून ओला फडका पिळला आणि दार उघडायला हात घातला.

"बाबा, थांबा! हात ओले हाय तुमचे!"

रंजू इतक्या जोरात ओरडली की फडका हातून पडला. ती आली, आपल्या ओढणीनं माझे दोन्ही हात कोरडे केले, लहान पोराचे करतात तसे, आणि मग तिनं स्वतः दार उघडलं.

आत मीठ होतं. हळद, तिखट, मोहरी. आणि दाराच्या आतल्या अंगाला तुझं गोंडपिपरीचं घर होतं. कौलं, चिंचेचं झाड, विहीर, आणि विहिरीच्या कठड्यावर कोपर टेकून वाकलेली दोन वेण्यांची मुलगी. माझा हात मी ओळखला. उरलेल्या रंगात मी तुला काढलं होतं आणि स्वतःच विसरून गेलो होतो. तू "अन् मी?" विचारलंस तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, ते दार उघडून पाहा. तुला ते नंतर एकटीलाच, मीठ काढताना सापडलं असणार.

सरसाचा रंग. पंचवीस वर्षं. चिंचेची पानंसुद्धा वेगवेगळी दिसत होती.

"आई या दाराले ओला फडका लावू नाई द्ये," रंजू सांगत होती. "मी लहान होती तवा लावाले गेली, तं हातावर अशी चापट देल्ली! रोज कोरड्या फडक्यानं पुसे. वाफ लागते म्हनून तं शेगडी तिकडं नेली तिनं."

मी विचारलं, मला कोणी का सांगितलं नाही. रंजू डोळे पुसत हसली. "आईनं सांगतलं होतं, बाबाले सांगजो नको. मालूम झालं तं सहाही दारायवर पुन्हा तसंच काढून ठेवतीन, अन् मले पुन्हा पुसा लागन."

खरंच काढलं असतं मी. तू मला पुरतं ओळखत होतीस.

मग मी जवळ गेलो, अगदी जवळ. मुलीच्या वेणीला मी पिवळी रिबन काढली होती. सरसाचा पिवळा लवकर उडतो, तो टिकायला नको होता. पण रिबन पिवळीधमक होती. नीट पाहिलं तर ती हळद होती. तू बोटाच्या टोकानं, रंग फिका पडेल तसतशी, हळद टेकवत आली होतीस. जरा रेषेबाहेर गेली आहे. मी असतो तर नीट केली असती.

मी तिथे खाली बसून रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, घाटावरही नाही. तुझी आठवण तर येतेच, रोज येते. पण त्या वेळी मला माझी इतकी लाज वाटली आणि तुझं इतकं प्रेम वाटलं की दोन्ही एकदम सोसवेनात. मी समजत होतो, तू पंचवीस वर्षं रुसून बसली आहेस. आणि तू रोज सकाळी त्या उन्हात डोळे बारीक करून माझं चित्र वाचवत होतीस.

सहाव्या दाराला बाहेरून सायीचा रंग दिला. आतून दिला नाही. वरून पॉलिश मारलं तर चित्र कायमचं टिकेल, असं रंजूचं म्हणणं. टिकणार नाही. ब्रश फिरला की सरस सुटतो. त्याला ओला हात लावायचा नाही, एवढाच उपाय आहे, आणि तो तुला न सांगता कळला होता.

काल सगळी दारं बसवली. तू असतीस तर जवळ येऊन, नाक लावून पाहिलं असतंस. पाहा. कुठे डाग नाही. एका ठिकाणी ब्रशचा केस राहिला आहे, तो तुला सापडेलच.

रंजू सोमवारी चंद्रपूरला परत जाईल. चहा, वरण आणि भात एवढं तिनं मला शिकवलं आहे. मीठ कुठे असतं ते आता मला माहीत आहे. काल रात्री तिनं विचारलं, "बाबा, शेगडी जुन्या जागी आनू का? तिथी तुमाले बरं पडन."

मी नाही म्हटलं. आज सकाळी पहिल्यांदा मी एकट्यानं चहा ठेवला. खिडकीतून ऊन सरळ डोळ्यांवर आलं. चहा उकळेपर्यंत मी डोळे बारीक करून तिथेच उभा राहिलो.